निकाल येईपर्यंतचे दिवस

देऊळगाव राजा तालुक्यात आता वावरावावरात शेडनेट दिसते. आत टोमॅटो असतो, मिरची असते, काकडी असते, पण ती भाजीबाजारासाठी नसते, बियाण्यासाठी असते. आमच्यापासून तासाभरावर जालना, बियाणे कंपन्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तिथे महिको सुरू केली, आणि पुढे बीजोत्पादनाचे काम मराठवाड्याची हद्द ओलांडून आमच्या विदर्भाच्या टोकापर्यंत आले. कंपनी नराचे आणि मादीचे बी देते, झाडे आम्ही वाढवतो. क्रॉसिंगच्या दिवसांत बाया सकाळपासून एकेक कळी हाताने उघडतात, चिमट्याने पुंकेसर काढतात, आणि मग त्याच फुलाला नराचे पराग लावतात. फळ पिकले की बी काढायचे, धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि कंपनीच्या हवाली करायचे.

त्यानंतर सुरू होते ते थांबणे. आधी उगवण तपासतात. मग नमुन्याचे बी पेरून रोपे एकाच जातीची आली की त्यात भेसळ आहे, हे पाहतात. निकाल चांगला लागला तर ठरलेला भाव हातात पडतो. वाईट लागला तर पैसे कापले जातात, कधी माल नाकारलाही जातो. या निकालाला महिने लागतात. बाया आपली मजुरी घेऊन गेलेल्या असतात, बँकेचा हप्ता दारात असतो, आणि आपल्या हातात करण्यासारखे काहीही उरलेले नसते.

मी बी.ए. होऊन या घरात आले आणि या कामात रमले. काम मला आवडते. पण या थांबण्याच्या महिन्यांत मन आधी काळजीत आणि मग उदासीत कसे उतरते, हे मी स्वतःमध्ये पाहिले आहे आणि आजूबाजूच्या अनेक घरांत पाहिले आहे. त्यातून जे हाती लागले ते लिहिते आहे. शेती नसलेल्यांनाही ते उपयोगी पडेल असे वाटते, कारण निकालाची वाट पाहणारी माणसे सगळीकडे आहेत. कुणी परीक्षेच्या, कुणी दवाखान्यातल्या तपासणीच्या, कुणी कोर्टाच्या.

1. काळजी उदासीत कुठे वळते ती जागा ओळखा.

काळजी पुढचे बघते. ‘बी फेल झाले तर?’ हा तिचा सूर. उदासी निकाल आधीच लावून मोकळी झालेली असते. ‘आपल्याकडून काही होत नाही, होणारही नाही.’ या दोन टोकांच्या मध्ये एक पायरी असते आणि ती फार पटकन ओलांडली जाते. माझ्या बाबतीत ती अशी चालते: बी फेल झाले तर? मग, होणारच फेल. मग, त्या दिवशी मी बायांवर नीट लक्ष दिले नाही. मग, मला कोणतेच काम धड जमत नाही. चार वाक्ये. त्यातले पहिले वाक्य बियाण्याबद्दल आहे आणि शेवटचे माझ्याबद्दल. एकाही वाक्याला पुरावा नाही, तरी शेवटच्या वाक्याला पोहोचेपर्यंत हातापायातली ताकद गेलेली असते.

अमेरिकेतले डॉक्टर ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात उदास रुग्णांचे बोलणे बारकाईने ऐकले, तेव्हा त्यांना हेच दिसले. या माणसांच्या डोक्यात काही विचार आपोआप, न बोलावता येत होते, आणि ते तीनच गोष्टींबद्दल होते: मी वाईट, जग वाईट, पुढचा काळ वाईट. बेक यांनी त्यावर उपचाराची एक पूर्ण पद्धत उभी केली. मला त्यातली एकच गोष्ट रोज वापरता येते. विचाराच्या शेवटचे प्रश्नचिन्ह गळून पडले की मी थांबते. ‘फेल झाले तर?’ हा प्रश्न रास्त आहे. ‘फेलच होणार’ हे मला कुणी कळवलेले नाही.

2. ‘काळजी करू नको’ असे कुणाला म्हणू नका, स्वतःलाही नाही.

आमच्या काळज्या मनाचे खेळ नाहीत. अवकाळी पाऊस येतो, वादळाने जाळी फाटते, गारपीट होते. बँकेचा हप्ता खरा असतो. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणे म्हणजे त्याचे बोलणे बंद करणे. शिवाय मनावर बंदी घातली की मन तिथेच जाते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून पाहिले. अस्वल कुणाच्याही डोक्यातून गेले नाही.

बंदीपेक्षा वाटणी बरी. एका कागदावर दोन भाग करते. एका बाजूला आज, उद्या, परवा मी काही करू शकते अशा गोष्टी: बँकेत जाऊन हप्त्याची मुदत विचारणे, फाटलेली जाळी शिवून घेणे, मुलीच्या होस्टेलच्या फीचा अर्धा भाग आधी भरता येतो का ते बघणे. प्रत्येकीपुढे वार लिहायचा आणि कुणाशी बोलायचे ते नाव. दुसऱ्या बाजूला फक्त थांबण्याच्या गोष्टी: निकाल, पाऊस, भाव. या बाजूला वार लिहिता येत नाही, आणि हे डोळ्यांना दिसणे महत्त्वाचे असते. मी दिवसभर ज्यांच्यामागे धावत होते त्यातल्या बऱ्याच गोष्टी या दुसऱ्या बाजूच्या निघतात.

3. विचार शेवटपर्यंत चालवत न्या.

या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला.

आमच्या तालुक्यात मानसोपचाराची पुस्तके कुणी मुद्दाम आणून वाचत नाही. पण डॉ. अंजली जोशी यांचे ‘मी अल्बर्ट एलिस’ हे पुस्तक मला एका मैत्रिणीने दिले आणि ते मी पुन्हा पुन्हा वाचले. मानसशास्त्रज्ञ एलिस यांनी 1950 च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणण्यासाठी आयुष्य घातले. तिचे मूळ सांगणे असे की घटना आपल्याला थेट उदास करत नाही. घटना आणि आपण यांच्यामध्ये एक समजूत असते, आणि ती समजूत बहुधा हट्टी असते. ‘निकाल चांगला लागावा’ ही इच्छा आहे. ‘निकाल चांगला लागलाच पाहिजे, नाहीतर संपले’ हा हट्ट आहे. इच्छा मोडली तर वाईट वाटते. हट्ट मोडला तर माणूस मोडतो.

काळजीचा विचार नेहमी सगळ्यात भयंकर जागी येऊन थबकतो आणि तिथेच गोल फिरत राहतो. ‘बी फेल झाले तर?’ आणि पुढे काळोख. मी त्याला पुढे चालवते. बरे, फेल झाले. मग? पैसे कापले जातील. किती? सगळे गेले असे धरू. मग? हप्ता चुकेल. मग? बँकेचा माणूस येईल. मग? त्याच्याशी बोलावे लागेल, लाज वाटेल. मग? सोयाबीन आणि तूर आहे, ती विकून काही भरता येईल. मग? पुढच्या वर्षी शेडनेटमध्ये साधी भाजी घ्यावी लागेल. मग? मग कमी पैशांत एक वर्ष काढावे लागेल.

हे सगळे कठीण आहे, मी ते सोपे करून सांगत नाही. पण या रस्त्याच्या शेवटी एक कठीण वर्ष आहे. मी ज्या काळोखाला घाबरत होते तिथे एक कठीण वर्ष निघाले, आणि कठीण वर्षे आमच्या घराने आधी काढलेली आहेत. ‘मग?’ हा प्रश्न मोठ्याने विचारावा. मनातल्या मनात विचारला की आपण परत पहिल्याच जागी येतो. विचारायला समोर माणूस असेल तर फार चांगले.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणतात. समर्थांचे ते 205 श्लोक. लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातली एक गोष्ट उशिरा लक्षात आली: समर्थ मनाला समोर उभे करून त्याच्याशी बोलतात, समजावतात, दटावतात. मन म्हणजे मी नव्हे, मन म्हणजे माझ्याशी बोलणारा कुणीतरी, ज्याला उत्तर देता येते. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस यांनी प्रयोग करून दाखवले की ताणाच्या वेळी माणूस स्वतःशी ‘मी’ न म्हणता स्वतःच्या नावाने बोलला तर त्याला थोडे अंतर मिळते आणि घाबरणे कमी होते. मी स्वतःला नावाने हाक मारून विचारते, अगं, मग पुढे काय करशील? दुसऱ्या बाईला सल्ला देताना माझे डोके शांत चालते. तसेच ते इथेही चालू लागते.

4. काळजीला वेळ ठरवून द्या, आणि ती वेळ रात्रीची नको.

मानसशास्त्रज्ञ टॉम बोर्कोव्हेक यांनी 1980 च्या दशकात काळजीखोर विद्यार्थ्यांवर एक साधा उपाय करून पाहिला. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसून मनसोक्त काळजी करा. एरवी काळजी आली की तिला सांगा, संध्याकाळी भेटू. काही आठवड्यांत त्यांची दिवसभराची काळजी कमी झाली.

माझी जागा म्हणजे मागच्या दारचा ओटा आणि वेळ स्वयंपाकाला लागण्याआधीची. एक वही आहे. दिवसभरात जे डोक्यात आले ते ओळीने लिहिते. पुष्कळदा सकाळी जीव घेणारी गोष्ट संध्याकाळी लिहायला बसल्यावर नीट आठवतही नाही. कधी कधी काळजीच संपलेली असते, कारण दुपारी त्या माणसाचा फोन येऊन गेलेला असतो. जाग्यावर नुसते बसून घोळवू नये, लिहावे. लिहिलेले वाक्य पुढे सरकते, घोळवलेले सरकत नाही.

पहाटे तीनला जाग येते तेव्हाचे विचार मी खरे मानत नाही. त्या वेळी शरीर थकलेले, घरात बोलायला कुणी जागे नाही, आणि करण्यासारखे काही नाही. तीन वाजता जगातली कुठलीही अडचण सुटत नाही. उठते, पाणी पिते, वहीत एक शब्द टाकते, परत पडते. झोप नाही आली तरी पडून राहणे चालते. झोप आली नाही याची काळजी मात्र नवी सुरू करायची नाही.

5. मन लागेपर्यंत थांबू नका. हाताला काम द्या, मन मागून येईल.

उदासी आली की ती आधी कामे काढून घेते. बाहेर जाणे बंद होते, मग शेजारणीकडे बसणे बंद होते, मग वेणी घालणेही जड वाटते. दिवस रिकामा झाला की काळजीला सगळी जागा मिळते, काळजी वाढली की आणखी काही करावेसे वाटत नाही. बाहेरच्या लोकांना हा आळस वाटतो. तो आळस नाही.

गोव्यात 1996 मध्ये सुरू झालेली संगथ नावाची संस्था आहे. तिने हे चक्र उलट फिरवण्याचा एक उपचार तयार केला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे 500 लोकांवर तो तपासला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटी. प्रत्येक भेटीत माणसाला पूर्वी काय करायला आवडायचे ते विचारायचे, त्यातले छोटेसे काही ठरवायचे, ते झाले का ते पाहायचे. ज्यांना हा उपचार मिळाला ते इतरांपेक्षा जास्त बरे झाले. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्या विदर्भातही, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत, ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प 18 महिने चालला. तिथे गावातल्याच माणसांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी आधी जेमतेम 4 जण कुणाची तरी मदत घेत होते. नंतर 27 जण घेऊ लागले. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. त्या 30 गावांची माणसे आमच्यासारखीच आहेत, कपाशी-सोयाबीनवाली.

काम किती छोटे असावे? मला तरी अगदी छोटेच जमते. तुळशीला पाणी. एक तांब्या घासणे. शेडनेटपर्यंत चालत जाऊन परत येणे. वाईट दिवशी संपूर्ण घर आवरायचे ठरवले तर ते होत नाही आणि झाले नाही याचे नवे दुःख होते. म्हणून असे काही ठरवावे, जे न होणे कठीण असेल. आणि केल्यावर आनंद होईल अशी अपेक्षा लगेच ठेवू नये. पहिल्या आठवड्यात काहीच वाटत नाही. तरी करावे.

आश्विनात आमच्या गावात बालाजी महाराजांची यात्रा भरते. लाठा मंडपोत्सवाला उंच लाकडी लाठांवर मंडप उभा राहतो तेव्हा तो बघायला आजूबाजूच्या गावांतून लोक लोटतात, पेढ्यांची आणि खेळण्यांची दुकाने लागतात. क्रॉसिंगच्या ऐन हंगामात बाया सुट्टी मागतात. पूर्वी मला ते अडचणीचे वाटायचे. आता वाटते, त्या योग्यच करतात. उदास माणसाला यात्रेला जावेसे वाटत नाही, गर्दी नकोशी होते, कुणी ‘काय गं, बारीक झालीस’ म्हणेल ही भीती असते. तरी जावे. दर्शनाची रांग लांब असेल तर कळसाला हात जोडून परतावे. संपूर्ण यात्रा आनंदाने करायची कुणी सक्ती केलेली नाही. अर्धा तास माणसांत राहिलेला जीव घरात बसलेल्या जीवापेक्षा थोडा हलका होऊन परततो, एवढे मी खात्रीने सांगते.

6. शरीराचेही ऐका.

यावर फार लिहीत नाही. शेडनेटमध्ये दुपारी अंग घामाने निथळते. पाणी कमी पडले की छातीत धडधडते, आणि तीच धडधड मनाला काळजीसारखी वाटते. रिकाम्या पोटी चहावर चहा घेतला तरी तेच. घाबरल्यासारखे झाले तर श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यावा, काही मिनिटे. थकवा, उदासी, केस गळणे, पाळी बिघडणे असे सोबत असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्यावे. कितीतरी बायांची ‘मनाची’ तक्रार रक्तात सापडते. वर्षानुवर्षे त्यांना ‘उगाच रडते’ असे म्हटलेले असते, हे मला फार लागते.

7. ज्या फोनची भीती वाटते तो फोन करा.

टाळल्याने काळजी मोठी होते. निकालाची चौकशी करायची, पण वाईट ऐकावे लागेल म्हणून फोन पुढे ढकलायचा, आणि दरम्यान हवामानाचे अंदाज आणि व्हॉट्सॲपचे गट दिवसभर चाळत बसायचे. हे चाळणे म्हणजे काही करणे नाही. एका गटात कुणाचे बी नापास झाल्याचे आले की पन्नास घरांचे जेवण गोड लागत नाही. मी दिवसातून दोनदाच बघते, सकाळी आणि संध्याकाळी.

एलिस यांची एक गोष्ट इथे आठवते. तरुणपणी त्यांना अनोळखी मुलींशी बोलायची भयंकर भीती होती. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या बागेत जाऊन बाकावर बसलेल्या स्त्रियांशी बोलायचेच, असे महिनाभर स्वतःला लावून घेतले. सुमारे शंभर जणींशी बोलले. भेटायला यायचे कबूल केले एकीनेच, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. कुणी मारले नाही, कुणी पोलीस बोलावले नाही. नकार हा ऐकता येतो, एवढे त्यांना समजले.

8. सांगा. आणि कुणी सांगत असेल तर ऐका.

आमच्याच तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानतात. खडकपूर्णेच्या धरणालाही संत चोखासागर हे नाव आहे. चोखोबांनी जे भोगले त्याच्यापुढे माझी काळजी काहीच नाही. देवळाच्या दारातून आत जाऊ न दिलेला माणूस तो. पण मी त्यांच्या घराकडे पाहते तेव्हा एक गोष्ट मनात येते. चोखोबा अभंग रचत होते, त्यांची पत्नी सोयराबाई रचत होत्या, बहीण निर्मळा रचत होती, मुलगा कर्ममेळाही रचत होता. आणि या अभंगांत विठ्ठलाला प्रश्न आहेत, तक्रार आहे, कर्ममेळ्याच्या अभंगांत तर उघड राग आहे. सातशे वर्षांपूर्वी एका दुःखी घरातले प्रत्येक माणूस आपले दुःख मोठ्याने बोलत होते. आजच्या किती घरांत हे घडते?

आमच्याकडे पुरुषांना हे फार अवघड जाते. बाया ओट्यावर बसून निदान रडून घेतात. मुलीचे बाबा रात्री बाजेवर पडून वर बघत राहतात. विचारले तर ‘काही नाही’. मी आता ‘काय झाले?’ असे विचारत नाही. त्याला उत्तर देणे त्यांना जड जाते. ‘आज कोणती गोष्ट जास्त घोळतेय, बँक की बी?’ असे विचारते. दोनातून एक निवडता आले की माणूस बोलू लागतो. आणि बोलू लागल्यावर मी उपाय सांगत नाही. पूर्ण ऐकून झाल्यावर विचारते, काही सुचवू की नुसते ऐकू? बहुतेक वेळा नुसते ऐकणे हवे असते.

आणखी एक. माझ्याहून दुसऱ्याचे दुःख मोठे आहे म्हणून आपले सांगू नये, असे समजू नका. दुःखाच्या रांगेत पुढचा नंबर कुणाचा हे कुणी बघत नाही.

9. दोन आठवड्यांच्या वर गेले तर डॉक्टर.

वर जे लिहिले ते काळजी आणि हलकी उदासी यांच्यासाठी. पण दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. वही आणि ओटा पुरणार नाहीत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितले की भारतात साधारण 20 जणांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो. म्हणजे आमच्या प्रत्येक गल्लीत कुणीतरी आहे.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. बुलढाणा आम्हाला लांब पडते, जालना जवळ. ज्याला जे सोयीचे तिथे जावे. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे, 14416 हा क्रमांक, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात बुलढाणाही आहे. आशाताईंना शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची विचारपूस करण्याचे काम त्यातूनच मिळाले. गावातल्या आशाताईला सांगायला लाजू नये. ती आपल्यातलीच असते.

औषधांबद्दल लोक फार घाबरवतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नये. बरे वाटू लागले म्हणूनही एकदम बंद करू नये. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

आणि आता जे सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते. घरातले कुणी ‘मी नसले तर बरे होईल’ अशा बोलीवर आले, आपल्या वस्तू वाटू लागले, अचानक गप्प झाले, तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात ती आधीपासून आहे त्याला पहिल्यांदाच कुणाजवळ बोलता येते. त्याला एकटे सोडू नका, शेजारी बसून 14416 लावा, दवाखान्यात सोबत जा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणातला माणूस मानले आहे, म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका.

फवारणीची औषधे घरात, कपाटावर, बाजेखाली ठेवू नका. पेटीत ठेवा, कुलूप लावा, किल्ली घरातल्या सावध माणसाकडे द्या. वाईट दिवसांत शेजाऱ्याच्या ताब्यात द्या. टोकाची ती इच्छा बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि हाताशी काही नसेल तर तो वेळ टळतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, तेव्हा 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरले. शेती बंद पडली नाही. माणसे वाचली. आमच्या तालुक्यात प्रत्येक शेडनेटच्या कोपऱ्यात कुलपाची पेटी असावी, यासाठी मी जिथे बसते तिथे बोलते.

10. निकाल चांगला लागला तरी वही बंद करू नका.

चांगला निकाल आला की घरात पेढे येतात. तीन-चार दिवस अंग हलके वाटते. मग मन आपोआप नवीन निकाल शोधते: मुलीची परीक्षा, आत्याबाईंचा गुडघा, पुढच्या हंगामाचे बी मिळेल की नाही. माझी काळजी फक्त बियाण्याला चिकटलेली नव्हती, हे मला अशा चांगल्या वर्षीच कळले. म्हणून संध्याकाळचा ओटा, दोन बाजूंचा कागद, शेडनेटपर्यंतची फेरी हे सुखाच्या महिन्यांतही चालू ठेवते. त्या दिवसांत ते करायला सोपे असते, हाताला वळण लागते, आणि पुढे गरज पडेल तेव्हा नव्याने शिकावे लागत नाही.

यंदा मुलगी सुट्टीत घरी आली आणि माझी वही पाहून तिनेही एक घेतली. तिच्या पहिल्या पानावर परीक्षेचा निकाल आहे, आणि तो तिने स्वतःच थांबण्याच्या बाजूला घातला आहे. दुसऱ्या बाजूला तिने मैत्रिणीला फोन, आजीला दवाखाना आणि रोजची चालण्याची फेरी लिहिली आहे. फेरीला आम्ही दोघी बरोबर जातो.